विद्यापीठाचे तिसरे कर्तव्य

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. कॉलेजात शिकलेले विज्ञान कॉलेजाबाहेर, लोकांच्या भाषेत नेण्याचा उद्योग मात्र या शहरात त्याच्या नऊ वर्षे आधीच सुरू झाला होता. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधले अध्यापक आणि विद्यार्थी एकत्र आले आणि त्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. इंग्रजीतून आपापसात चर्चा करण्यावर ही मंडळी समाधान मानून राहिली नाहीत. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी त्यांनी ज्ञानप्रसारक सभा स्थापन केल्या. मराठी सभेची धुरा दादोबा पांडुरंगांकडे होती. १८४९ मध्ये याच सोसायटीने मुलींच्या शाळा उघडल्या आणि सुरुवातीच्या काळात सोसायटीचे तरुण सभासद तिथे फावल्या वेळात बिनपगारी शिकवत. दादाभाई नौरोजी त्यांपैकी एक. १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक निघाले. त्याआधी दहा वर्षे, १८४० मध्ये, बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ मासिकातून शास्त्रीय विषय मराठीत मांडायला सुरुवात केली होती. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारे आणि कुलाब्याच्या वेधशाळेचे काम पाहणारे बाळशास्त्री तेच ज्ञान मराठी वाचकांपुढे ठेवणे हा आपल्या कामाचाच भाग मानत होते.

आज मे महिना जवळ आला की विज्ञान शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांनी शाळकरी मुलांसाठी दारे उघडावीत, असे सगळेच म्हणतात. ही कल्पना नवी असल्यासारखे आपण बोलतो. ती नवी नाही. पावणेदोनशे वर्षांचा हा प्रवास सलग पाहिला की एक गोष्ट स्पष्ट दिसते : विज्ञान मुलांपर्यंत नेण्याचे काम आपल्याकडे सतत व्यक्तींनी केले, आणि विद्यापीठ नावाच्या संस्थेने ते क्वचितच आपले मानले. म्हणून प्रत्येक पिढीला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली.

याचे मूळ १८५७ मध्येच आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभी राहिली. अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची, एवढेच त्यांचे काम. शिकवण्याची जबाबदारीही कॉलेजांवर होती, संशोधनाचा तर प्रश्नच नव्हता. परीक्षा घेण्यासाठी जन्मलेल्या संस्थेकडे परीक्षेला न बसलेल्या मुलासाठी काही काम नसते. ज्ञानप्रसारक सभेच्या तरुणांनी जे आपणहून अंगावर घेतले होते, त्याला विद्यापीठाच्या रचनेत जागाच मिळाली नाही. उच्च शिक्षणाची भाषा इंग्रजी ठरली आणि मराठीतून विज्ञान सांगणे हा फावल्या वेळचा छंद झाला.

याच काळात लंडनमध्ये वेगळी परंपरा रुजत होती. १७९९ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये संशोधन आणि लोकांसाठीची व्याख्याने एकाच छपराखाली चालत. १८१२ मध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा, लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे, तिथे हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकायला गेला. तिकिटे त्याला दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने दिली होती. त्याने व्याख्यानांची टिपणे काढली, स्वतः बांधली आणि डेव्हीकडे पाठवली. पुढच्या वर्षी तो त्याच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. विद्युतशास्त्राचा पाया घालणारा माणूस असा एका व्याख्यानमालेच्या दारातून विज्ञानात आला. १८२५ मध्ये त्या संस्थेत मुलांसाठी नाताळची व्याख्याने सुरू झाली आणि १८२७ ते १८६० या काळात त्यांतल्या एकोणीस मालिका स्वतः फॅरडेने दिल्या. त्यांतली मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावरची मालिका आजही वाचली जाते. आपल्या काळातला अग्रगण्य प्रयोगशास्त्रज्ञ मुलांसमोर उभा राहतो, साधी मेणबत्ती पेटवतो आणि ज्वलन, हवा, पाणी, श्वसन यांचा धागा जोडून दाखवतो, यात त्या संस्थेला काही कमीपणा वाटला नाही. दुसऱ्या महायुद्धातला काही वर्षांचा खंड सोडला तर ही व्याख्याने आजवर चालू आहेत. कारण फॅरडे गेल्यावर ती जबाबदारी संस्थेची राहिली.

रॉयल इन्स्टिट्यूशनचा आदर्श समोर ठेवून कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ उभारली. सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर लाफाँ तिथे प्रयोगांसह जाहीर व्याख्याने देत. व्याख्याने होत राहिली, श्रोते येत राहिले, पण डॉ. सरकार यांना हवे होते ते संशोधन त्यांच्या हयातीत उभे राहिले नाही. १९०४ मध्ये ते वारले. तीन वर्षांनी अर्थखात्यात नोकरीला लागलेला एक तरुण अधिकारी बहूबझार रस्त्यावरची त्या संस्थेची पाटी पाहून आत शिरला. त्याचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन. ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर तो तिथे प्रयोग करू लागला, आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्याला जो शोध लागला तो त्याच इमारतीतला. आपण १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. लोकांसाठी उघडे ठेवलेले दार कधी आणि कोणाच्या उपयोगी पडेल हे ते उघडणाऱ्याला दिसत नाही. म्हणूनच असे काम वर्षाच्या हिशोबाने जोखायचे नसते.

त्याच १९२८ मध्ये महाराष्ट्रात ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झाले. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले भौतिकीचे प्राध्यापक गो. रा. परांजपे हे त्यामागचे प्रमुख नाव. मराठी माध्यमातल्या कित्येक पिढ्यांना विज्ञानाची गोडी या मासिकाने लावली. विज्ञान शिकवणारा प्राध्यापक मराठीत लिहितो, पदरमोड करून मासिक चालवतो, हे दृश्य तेव्हाही दुर्मीळ होते. आणि तेव्हाही तो त्याचा स्वतःचा उपक्रम होता, विद्यापीठाचा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती बदलायला हवी होती. बदलली ती वेगळ्या दिशेने. संशोधनासाठी विद्यापीठांबाहेर स्वतंत्र राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी मोठे काम केले, यात वाद नाही. पण त्यामुळे चांगली उपकरणे आणि संशोधन करणारी माणसे निवडक शहरांतल्या निवडक संस्थांत गोळा झाली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेली कॉलेजे पुन्हा अभ्यासक्रम आणि परीक्षा यांच्यापुरती उरली. शाळकरी मुलांशी विज्ञानाचे नाते जोडण्याचे काम पुढच्या काळात ज्या संस्थांनी केले, त्यांत म्हणूनच विद्यापीठांची नावे कमी आणि संशोधन संस्था व स्वयंसेवी संघटनांची जास्त आहेत.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि जगभर शालेय विज्ञानाकडे नव्याने पाहिले जाऊ लागले. अमेरिकेत सरकारी पैशातून विद्यापीठांच्या आवारात उन्हाळी अभ्यासवर्ग वाढले. अर्नोल्ड रॉस यांचा शाळकरी मुलांसाठीचा गणिताचा उन्हाळी कार्यक्रम १९५७ चाच, आणि तो त्यांच्या पश्चात आजही चालतो. सायबेरियात नोवोसिबिर्स्कजवळच्या विज्ञाननगरीत लावरेन्त्येव यांच्या पुढाकाराने दूरदूरच्या वस्त्यांतली मुले ऑलिम्पियाडमधून निवडून उन्हाळी शाळेत बोलावली गेली आणि १९६३ मध्ये तिथे भौतिकी-गणिताची निवासी शाळा सुरू झाली. त्याच वर्षी मॉस्कोत गणितज्ञ कोल्मोगोरोव यांनी तशीच शाळा काढली आणि ते स्वतः तिथे शिकवू लागले. दोन्ही महासत्तांचे हेतू सामरिक होते हे खरे. पण मुलांना विज्ञानाकडे आणायचे तर विद्यापीठातल्या माणसांनी त्यांच्यासमोर यावे लागते, हे दोन्हीकडे एकाच वेळी ओळखले गेले.

भारतात १९६३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू झाली. निवडलेल्या मुलांना मूलभूत विज्ञान शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळे आणि त्यांच्यासाठी उन्हाळी वर्ग भरवले जात. शास्त्रज्ञांच्या एका पिढीला या योजनेने घडवले. १९७६ नंतर ती सर्व विषयांसाठी खुली झाली आणि विज्ञानाशी असलेली तिची खास गाठ सैल झाली. १९९९ मध्ये किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना आली, २००८ मध्ये इन्स्पायर आली. प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ पासून थांबली. किशोर वैज्ञानिक योजनेची परीक्षा २०२२ मध्ये बंद झाली. योजना येतात, नावे बदलतात, खंड पडतो, नवी योजना येते. आठवीतल्या मुलाच्या आयुष्यात मात्र आठवी एकदाच येते.

या सगळ्या योजनांचा पाया निवडीचा होता. हुशार मूल शोधा आणि त्याला पुढे न्या. याची गरज आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात दर उन्हाळ्यात भरणाऱ्या ऑलिम्पियाडच्या शिबिरांनी देशाला उत्तम विद्यार्थी दिले. मुंबई विद्यापीठाचे प्राध्यापक एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये कॉलेज विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेल्या चार आठवड्यांच्या उन्हाळी गणित प्रशिक्षणाने पाठांतराने दमलेल्या शेकडो मुलामुलींना स्वतः विचार करायला शिकवले. पण निवड ज्या चाळणीतून होते तिच्यावर घरातले शिक्षण, शाळेची पत, क्लासची फी आणि इंग्रजीचा सराव यांचे वजन असते. ज्या मुलाने दुर्बीण कधी पाहिलीच नाही त्याला खगोलशास्त्राची आवड आहे की नाही हे कोणती परीक्षा ओळखणार? निवड करण्याआधी अनुभव द्यावा लागतो, आणि तो सर्वांना द्यावा लागतो. आपल्या धोरणांत ही पहिली पायरी नेहमी गाळली गेली.

ती गाळू नये म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांचा इतिहास याच काळाचा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या काही शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या महापालिका शाळांत जायला सुरुवात केली. त्यातूनच १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले आणि डॉ. वि. गो. कुलकर्णी यांनी ते घडवले. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत केंद्राने शिक्षकांबरोबर काम केले. पुढे महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर प्रज्ञासंवर्धनाचा प्रकल्प चालवला. हे विद्यार्थी मागे पडतात ते बुद्धीमुळे नाही, पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा आणि अनुभवांची वानवा यांमुळे, हे त्या कामातून दिसले. भाषा सोपी केली, हाताने प्रयोग करू दिले, प्रश्न विचारायला मोकळीक दिली, आणि त्यांच्या शालेय कामगिरीत लक्षणीय सुधारणा झाली. चाळीस वर्षांपूर्वी मुंबईच्या महापालिका शाळांत सिद्ध झालेली ही गोष्ट आहे.

दुसरे उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशातले. १९७२ मध्ये किशोर भारती ही स्वयंसेवी संस्था आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. टाटा संस्थेतून बाहेर पडलेले अनिल सद्गोपाल त्यामागे होते. दिल्ली विद्यापीठाचे अध्यापक या गावांत जाऊन शिक्षकांबरोबर बसत, प्रयोग तपासत, पुस्तके लिहीत, आणि त्यांना हे करता यावे म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या काळी आर्थिक पाठबळही दिले होते. १९७८ मध्ये कार्यक्रम सबंध जिल्ह्यात गेला. पुण्यात टेल्कोमध्ये काम करणारे इंजिनिअर अरविंद गुप्ता त्याच सुमारास रजा घेऊन होशंगाबादला गेले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबपासून त्यांनी केलेली खेळणी तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून जन्मली. शेकडो शाळांपर्यंत पोहोचलेला हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबले, कारण ते सरकारच्या मर्जीवर उभे होते.

महाराष्ट्रात १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि मराठीतून विज्ञान सांगण्याला कायमचे घर मिळाले. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि शाळेत अपयशी ठरवलेल्या मुलांना हाताने काम करत तंत्रज्ञान शिकवून दाखवले. १९८७ मध्ये २ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर या काळात भारत जन विज्ञान जथा देशभर फिरला. आणि १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठ संस्था उभी राहिली.

आयुकाचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ती विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांसाठीच काढलेली संस्था आहे. संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकरांनी मुलांसाठीचे काम पहिल्यापासून संस्थेच्या रचनेत बसवले. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यान. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यातल्या शाळांनी पाठवलेली मुले एकेक आठवडा आयुकात येत. प्रत्येकाला एक शास्त्रज्ञ मार्गदर्शक मिळे, अभ्यासक्रम ठरलेला नसे, ग्रंथालय उघडे असे, आणि शेवटी काय केले ते मुलाने लिहून द्यायचे. विश्वरचनाशास्त्रात जगभर नाव असलेला संशोधक शाळकरी मुलांच्या प्रश्नांना वेळ देत होता. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला नारळीकर सांगत : पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर आणि स्वाक्षरी दोन्ही मिळेल. सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून तिथे मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. तिच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’ : सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचे, आणि पु. लं.चीही आठवण ठेवणारे. अरविंद गुप्ता यांनी अकरा वर्षे तिथे काम केले. त्यांच्या खेळण्यांच्या चित्रफिती अनेक भाषांतून जगभर पोहोचल्या. आयुकाबाहेरही, जुन्नर तालुक्यात खोडदला, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात, २८ फेब्रुवारीला आसपासच्या गावांतल्या शाळा आपापले प्रयोग घेऊन येतात. २०२० मध्ये ही दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप आणि मे २०२५ मध्ये नारळीकर आपल्यातून गेले. त्यांनी सुरू केलेले काम त्यांच्यानंतर चालू आहे, कारण ते संस्थेच्या दिनदर्शिकेत लिहिले गेले होते.

या सर्व प्रयत्नांतून जे टिकले आणि ज्याने मुले घडवली त्यात चार गोष्टी समान दिसतात. प्रत्यक्ष विज्ञान करणारा माणूस मुलासमोर आला. तो मुलाच्या भाषेत बोलला. मुलाच्या हातात काहीतरी करायला दिले गेले. आणि हे एका दिवसाच्या सोहळ्यावर न संपता पुन्हा पुन्हा घडले. यांतली एकही गोष्ट पैशाने अडणारी नाही.

आता वर्तमानाकडे पाहू. २०१६ पासून शाळांत अटल टिंकरिंग लॅब आल्या. २०१९ पासून इस्रोचा ‘युविका’ कार्यक्रम नववीतल्या मुलांना उन्हाळ्यात अवकाश केंद्रांत बोलावतो आणि त्यात ग्रामीण मुलांना झुकते माप देतो. हे स्वागतार्ह आहे, पण त्याचा लाभ देशातल्या मोजक्याच मुलांना होतो. दुसरीकडे शहरांत फी घेणारी शिबिरे आहेत : रोबोटिक्स, कोडिंग, रॉकेट. त्यांतली काही चांगलीही असतील. पण तिथे येणारे मूल आधीच पुस्तकांच्या, इंटरनेटच्या आणि शिकलेल्या आईवडिलांच्या घरातले असते. ऊसतोड कामगाराच्या, आदिवासी पाड्यावरच्या किंवा तालुक्याच्या बाजारपेठेत हातगाडी लावणाऱ्याच्या मुलीसाठी मे महिन्यात विज्ञानाचे कोणतेही दार उघडे नसते. आणि तिच्या गावापासून पंधरा-वीस किलोमीटरवर एखादे विज्ञान महाविद्यालय असते. तिथे सूक्ष्मदर्शक असतात, भिंगे असतात, परीक्षानळ्या असतात, भौतिकी शिकवणारी माणसे असतात, आणि परीक्षा आटोपल्या की त्या प्रयोगशाळेला कुलूप लागते.

विद्यापीठाने हे करावे असे म्हणण्याला नियमांचा आधार आहे. १९७७ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे कर्तव्य मानले. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग आहेत. नॅकच्या मूल्यांकनात विस्तारकार्याला गुण आहेत. मग घडते काय? विस्तारकार्य म्हणजे वृक्षारोपण, स्वच्छता फेरी आणि बॅनरसह छायाचित्र असे समीकरण होऊन बसले आहे. ही कामे वाईट नाहीत, पण त्यांसाठी विद्यापीठाची गरज नाही. रसायनशास्त्राच्या विभागाने समाजाला द्यायचे ते रसायनशास्त्र. ते त्याच्याशिवाय दुसरे कोणी देऊ शकत नाही.

काय करता येईल याचे एकच उदाहरण देतो. महाराष्ट्र विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्यामध्ये आहे. म्हणून इथे वर्षातून दोनदा भर माध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दुसरी वेळ पावसाळी ढगांत हरवते. पहिली मात्र मे महिन्यात, सुट्टीत, निरभ्र आकाशाखाली येते : पहिल्या आठवड्यात कोल्हापूरला, मध्यावर पुण्या-मुंबईला, अखेरच्या आठवड्यात नागपूरला. कोल्हापूरला सावली शून्य असते त्या दिवशी नागपूरला माध्यान्ही एक मीटर उंचीच्या काठीची सावली सुमारे आठ सेंटीमीटर पडते. त्यावरून सूर्य डोक्यापासून साधारण साडेचार अंश कललेला आहे हे निघते. दोन्ही शहरांतले उत्तर-दक्षिण अंतर सुमारे पाचशे किलोमीटर. साडेचार अंशांना पाचशे, तर तीनशे साठ अंशांना किती? उत्तर चाळीस हजार किलोमीटर : पृथ्वीचा परीघ. एराटोस्थेनिसने बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये केलेले हे मापन कोल्हापूर आणि नागपूर इथली दोन कॉलेजे, दोन काठ्या, दोन मोजपट्ट्या आणि एका फोनच्या साह्याने सहावी-सातवीच्या मुलांकडून करवून घेऊ शकतात. ज्या मुलीने आपल्या हाताने पृथ्वी मोजली, तिला विज्ञान म्हणजे काय हे पुन्हा समजावून सांगावे लागणार नाही. अनेक खगोलमंडळे हा शून्य सावलीचा दिवस उत्साहाने साजरा करतात. तो राज्यातल्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाचा कार्यक्रम का असू नये?

हे शिकवणार कोण? विद्यार्थीच. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांसाठी श्रेयांक ठेवलेले आहेत. बीएस्सीच्या मुलामुलींनी आपल्या तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांच्या मुलांसाठी दोन आठवड्यांचे शिबिर घेतले तर ते श्रेयांक खऱ्या अर्थाने कमावलेले असतील. जे शिकवतो ते आपल्याला नीट कळते, हा शिक्षणातला जुना अनुभव आहे. शिबिराचा पहिला लाभ शिकवणाऱ्या विद्यार्थ्याला होईल. एल्फिन्स्टनच्या तरुणांनी याहून कमी साधनांत हे केले होते.

या सूचनेवर आक्षेप येतील आणि ते खरे आहेत. कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिक्त आहेत, तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना सुट्टीचे मानधन नाही, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मे महिन्यातही संपत नाहीत. म्हणूनच हे काम कोणाच्या सद्भावनेवर सोडू नये. शिबिर घेणाऱ्या अध्यापकाच्या कार्यभारात ते तास धरावेत, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला त्याचे मानधन द्यावे, बढतीच्या वेळी त्याची शोधनिबंधाइतकी नाही तरी गंभीर नोंद घ्यावी. प्रयोगशाळेत भिंग फुटले, परीक्षानळी तडकली तर कर्मचाऱ्याच्या पगारातून वसुली होणार नाही एवढी तरतूद करावी. मुलांच्या येण्याजाण्याचा आणि दुपारच्या जेवणाचा खर्च जिल्हा नियोजनातून यावा. ही रक्कम कोणत्याही विद्यापीठाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या अर्थसंकल्पात डोळ्यांत भरेल एवढी मोठी नाही.

दुसरा आक्षेप भाषेचा. आज सेमी इंग्रजीमुळे अनेक शाळांत विज्ञान आणि गणित इंग्रजीतून शिकवले जाते. मग शिबिर मराठीत कशाला? कारण मूल प्रश्न विचारते ते मराठीत, आणि पाड्यांवर कोरकू, भिल्ली किंवा गोंडीत. संज्ञा इंग्रजी असल्या तरी चालतील. विचार करण्याची भाषा मुलाची स्वतःची हवी. डॉ. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे महापालिकेच्या वर्गांत दाखवून दिले आहे. ते पुन्हा सिद्ध करण्यात वेळ घालवण्याची गरज नाही.

आणि एक पथ्य पाळावे. शिबिराला प्रवेशपरीक्षा असू नये. जे मूल येईल त्याला घ्यावे, जागा कमी पडल्या तर चिठ्ठ्या टाकाव्यात, मुलींची संख्या निम्म्याहून कमी होऊ देऊ नये. बक्षीस, क्रमांक, प्रमाणपत्राचा समारंभ यांत वेळ दवडू नये. निवड करणाऱ्या योजना देशात पुष्कळ आहेत आणि त्या आपले काम करतील. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची इच्छा जिथे जन्मते ती जागा आपल्याला तयार करायची आहे.

कुलगुरूंना, प्राचार्यांना आणि विज्ञान शाखेच्या प्रत्येक अध्यापकाला माझे आवाहन आहे : येत्या मे महिन्यात आपल्या महाविद्यालयाची एक प्रयोगशाळा दोन आठवडे जवळच्या जिल्हा परिषद शाळांसाठी उघडा. पुढच्या वर्षी पुन्हा उघडा, आणि तारखा विद्यापीठाच्या शैक्षणिक वेळापत्रकात छापा, म्हणजे तुम्ही निवृत्त झालात, बदलून गेलात तरी त्या बदलणार नाहीत. थोर माणसांनी हे काम आयुष्यभर केले, हे या इतिहासाचे वैभव आहे. त्यासाठी दर वेळी थोर माणसाची वाट पाहावी लागली, ही त्याची उणीव आहे. ती भरून काढणे आज विद्यापीठांच्या हातात आहे.